वन्यप्राण्यांना खाऊ घालणं

मोकळ्या रानात, तळ्याकाठी, समुद्रात, घाटरस्त्यावर किंवा अगदी शहरातल्या बागेत राहणाऱ्या प्राण्यापक्ष्यांना माणसानं स्वतःच्या हातानं अन्न देणं, किंवा त्यांना सहज सापडेल असं उघड्यावर टाकून देणं, हे सगळं या नोंदीत येतं. म्हणजे माकडापुढे टाकलेलं बिस्किट, बदकांना टाकलेला ब्रेड, खिडकीबाहेर टांगलेला दाण्यांचा फीडर, बोटीवरून डॉल्फिनला दिलेला मासा, आणि झाकण न लावलेला कचऱ्याचा डबासुद्धा, कारण प्राण्याच्या दृष्टीनं मुद्दाम दिलेलं आणि चुकून राहिलेलं यात काही फरक नसतो. शिकार किंवा जंगलतोड बघितली की लगेच खटकते, पण हे प्रेमापोटी होतं, लहान मुलांना कौतुकानं दाखवलं जातं, फोटो निघतात, त्यामुळे यात कुणाचं नुकसान होतंय असं मनातही येत नाही. नुकसान होतं, आणि ते बहुतेक वेळा आपण तिथून निघून गेल्यावर होतं.

सवय कशी लागते

इथे दोन गोष्टी वेगळ्या करून बघायला हव्यात. एक म्हणजे प्राण्याची माणसाबद्दलची भीती कमी होणं, वाटेच्या कडेला चरणारं हरीण माणसं बघूनही पळत नाही तसं. यात धोका असतो पण तो बराच कमी. दुसरी म्हणजे माणूस दिसला की खाणं मिळतं हे डोक्यात पक्कं बसणं, आणि खरा घोळ इथून सुरू होतो. रानात पोट भरायला दिवसातले कित्येक तास जातात, शोधा, खणा, सोला, पाठलाग करा, आणि तरी कधी उपाशी राहा. त्याऐवजी साखर, मीठ, तेल भरलेली वस्तू अर्ध्या मिनिटात मिळत असेल तर कुठलाही हुशार प्राणी तिकडेच वळणार, यात त्याला दोष देता येत नाही. त्यातून माणसं कधी देतात कधी देत नाहीत, आणि असं अधूनमधून मिळणारं बक्षीस सवय सगळ्यात घट्ट करतं हे प्राण्यांच्या शिकण्यावरच्या प्रयोगांतून चांगलं सिद्ध झालेलं आहे. मिळालं नाही तर प्राणी सोडून देत नाही, आणखी जोर लावतो, आधी जवळ येतो, मग कपडे ओढतो, मग पिशवी हिसकावतो, मग चावतो. "मी एकदाच दिलं, त्यानं काय होतंय" असं म्हणणारी माणसं त्या जागेवर दिवसात शंभर येऊन गेलेली असतात हे लक्षात घ्या.

बाली बेटावरच्या उलुवाटू मंदिरातले लांब शेपटीचे मकाक याचं सगळ्यात थक्क करणारं उदाहरण आहे. तिथली माकडं पर्यटकांचे चष्मे, टोप्या, चपला, फोन हिसकावतात आणि ती वस्तू खायची नसतेच, ती धरून बसायचं आणि मंदिराचे कर्मचारी खाणं घेऊन आले की सौदा करून परत द्यायची. २०२१ मध्ये यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की लहान पिल्लं मिळेल ते उचलतात, पण मोठी माकडं माणसाला जास्त मोलाची वाटणारी वस्तू निवडून पळवतात, आणि त्यातली काही तर चांगलं खाणं पुढे येईपर्यंत वस्तू सोडत नाहीत. एवढी बुद्धी असलेल्या प्राण्याला आपण कशाला जुंपलं हा विचार मला तरी अस्वस्थ करतो.

थायलंडच्या लोपबुरी शहरात दुसरी बाजू दिसली. तिथे पर्यटकांच्या खाऊवर हजारो माकडं पोसली गेली होती, आणि मार्च २०२० मध्ये कोविडमुळे पर्यटक यायचे बंद झाले तशा माकडांच्या टोळ्या भर रस्त्यात एकमेकांवर तुटून पडल्या. पुढे त्रास इतका वाढला की २०२४ मध्ये प्रशासनाला मोठ्या प्रमाणावर पकडमोहीम घ्यावी लागली. मकाकांच्या बाबतीत आजाराचाही प्रश्न आहे, त्यांच्यात आढळणारा हर्पीस बी विषाणू माणसाला क्वचितच होतो पण झाला तर जीवघेणा ठरू शकतो, आणि माणसाचे आजार त्यांनाही लागतात.

अस्वलांचा धडा

अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये एके काळी हॉटेलांचा कचरा ठरावीक जागी टाकायचे आणि तो खायला येणारी अस्वलं बघायला लोकांसाठी बाकं मांडलेली असायची. रस्त्याच्या कडेला गाडीच्या काचेतून अस्वलाला भरवणं हे तर त्या काळच्या ट्रिपचं मुख्य आकर्षण होतं. याचा परिणाम पार्कच्याच नोंदींत आहे, १९३१ ते १९६९ या काळात तिथे वर्षाला सरासरी ४८ माणसं अस्वलांमुळे जखमी होत होती. मग १९७० च्या सुमाराला कचऱ्याच्या जागा बंद केल्या. ग्रिझलींचा, म्हणजे तिथल्या मोठ्या तपकिरी अस्वलांचा, वर्षानुवर्षं अभ्यास करणारे फ्रँक आणि जॉन क्रेगहेड हे भाऊ सांगत होते की हे हळूहळू करा, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच खाणारी अस्वलं एकदम कुठे जातील, पण पार्कनं झटक्यात बंद केलं आणि भुकेली अस्वलं तंबूंच्या जागांकडे आणि वस्त्यांकडे वळली. काही वर्षांतच त्या भागात २०० हून जास्त ग्रिझली मारली गेली, आणि १९७५ मध्ये ग्रिझलीला धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत टाकावं लागलं. आज तिथली संख्या पुन्हा हजाराच्या आसपास आहे आणि माणसं जखमी होण्याचं प्रमाण वर्षाला एखाद्यावर आलंय, पण मधल्या काळात मेलेल्या अस्वलांनी काय चूक केली होती? त्यांना कचरा खायला आपणच शिकवलं होतं.

अमेरिकेतल्याच योसेमिटी नॅशनल पार्कची गोष्ट जास्त आशादायक आहे. तिथली काळी अस्वलं गाडीत ठेवलेल्या खाण्याच्या वासावर दरवाजे अक्षरशः वाकवून काढायची, एकट्या १९९८ सालात अशा १,५०० हून जास्त घटना झाल्या. उपाय काय केला, तर अस्वलाला उघडता येणार नाहीत असे लोखंडी पेटारे सगळ्या मुक्कामाच्या जागी बसवले, खाणं त्यातच ठेवायची सक्ती केली, आणि रात्री गाड्या तपासायला माणसं लावली. घटना ९० टक्क्यांहून जास्त कमी झाल्या.

ऑस्ट्रेलियातल्या क्गारी बेटावर, जे पूर्वी फ्रेझर आयलंड म्हणून ओळखलं जायचं, माणसांना सरावलेल्या डिंगोंनी, म्हणजे तिथल्या रानकुत्र्यांनी, २००१ मध्ये एका ९ वर्षांच्या मुलाचा जीव घेतला आणि त्यानंतर सुमारे ३० डिंगो मारण्यात आले. मुलगाही गेला आणि कुत्रेही गेले, आणि ज्यांनी आधी कित्येक महिने सँडविचचे तुकडे टाकले असतील ते आपापल्या घरी होते.

पोटात काय होतं

हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण भुकेल्याला खायला दिलं तर वाईट कसं होईल हा प्रश्न खरंच पडतो. थंड प्रदेशातली हरणं हिवाळ्यात काड्या, साल, सुकी पानं असं कोरडं, राठ खाऊन जगतात. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या कोठीपोटात जे सूक्ष्मजीव असतात ते त्या त्या मोसमाच्या चाऱ्याप्रमाणे बदलतात आणि या बदलाला दोन-तीन आठवडे लागतात. अशात कुणी दया येऊन मक्याचा ढीग ओतला की हरीण पोटभर खातं, पण मक्यातला स्टार्च झपाट्यानं आंबतो, लॅक्टिक आम्ल तयार होतं, कोठीपोटाचं अस्तर भाजून निघतं, आम्ल रक्तात उतरतं आणि एक ते तीन दिवसांत जनावर मरू शकतं. पोट गच्च भरलेलं असतं आणि तरी हरीण मेलेलं. शिवाय एकाच ढिगावर पन्नास तोंडं आली की लाळेतून आणि विष्ठेतून रोग पसरतात, अमेरिकेत हरणांना होणारा मेंदूचा एक असाध्य रोग, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, पसरण्यामागे अशा जागा हे एक कारण मानलं जातं.

बदकं आणि हंसांच्या पिल्लांना वाढीच्या वयात जास्त कॅलरीचं आणि निकस खाणं मिळालं तर पंखाचं मनगट पिळवटतं आणि पिसं बाहेरच्या बाजूला वळतात असं मानलं जातं. मोठ्या पक्ष्यात ते सरळ होत नाही, म्हणजे तो आयुष्यात उडत नाही.

फीडरचा प्रश्न गुंतागुंतीचा आहे आणि त्याबद्दल सरसकट नको म्हणणं मला पटत नाही, कडक हिवाळ्यात त्यामुळे लहान पक्षी तगतात हेही खरं आहे. पण १९९४ मध्ये अमेरिकेत कोंबड्यांमधला मायकोप्लाझ्मा जिवाणू हाऊस फिंच पक्ष्यांत शिरला, डोळे सुजून चिकटायला लागले, पक्षी आंधळे होऊन मरायला लागले, आणि नळीसारख्या फीडरच्या भोकात डोकं घालताना कडेला डोळा घासला जातो तिथून हा रोग पुढच्या पक्ष्याला लागतो हे नंतर कळलं. ब्रिटनमध्ये २००५ पासून ट्रायकोमोनास नावाच्या एकपेशीय परजीवीनं ग्रीनफिंच पक्ष्यांना गाठलं, घशात सूज येऊन दाणा गिळता येत नाही आणि पक्षी उपासमारीनं मरतो, तोही दाण्यांच्या शेजारी बसून. एके काळी बागेबागेत दिसणारा हा पक्षी २०२१ मध्ये तिथल्या सगळ्यात चिंताजनक स्थितीतल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेला. म्हणून फीडर ठेवायचाच तर तो नियमित धुणं, वाळवणं, जागा बदलत राहणं आणि आजारी पक्षी दिसला की सरळ काढून ठेवणं हे करायलाच हवं, ते जमणार नसेल तर दाण्यांऐवजी स्थानिक झाडं लावावीत. शरीरही बदलतंय, ब्रिटनमधल्या ग्रेट टिट पक्ष्यांची चोच नेदरलँड्समधल्या त्याच जातीपेक्षा लांब झाल्याचं २०१७ मध्ये सायन्स या नियतकालिकात आलं होतं आणि फीडर हे त्यामागचं संभाव्य कारण सांगितलं होतं.

समुद्रात

कॅरिबियन समुद्रातल्या केमन बेटांजवळ पाकट माशांना, म्हणजे स्टिंगरेंना, हातानं भरवायला पर्यटकांच्या बोटी जातात. हे मासे मुळात रात्री एकटे हिंडणारे, तिथे मात्र ते दिवसा गर्दीनं जमतात, आणि त्यांच्यावर परजीवी आणि बोटींच्या जखमा जास्त आढळल्या. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मंकी माया इथे १९६० च्या दशकापासून डॉल्फिनना किनाऱ्यावर मासे दिले जायचे, आणि आयत्या माशांसाठी उथळ पाण्यात ताटकळणाऱ्या माद्यांची पिल्लं दगावण्याचं प्रमाण इतर माद्यांपेक्षा खूप जास्त निघालं. पिल्लाला त्या वेळात दूध मिळत नाही, शिकार शिकायला मिळत नाही आणि शार्कपासून राखणही होत नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून दिवसातले मोजकेच मासे, ठरावीक माद्यांनाच आणि फक्त सकाळी असे नियम केल्यावर पिल्लं जगायला लागली.

कायदे आणि अपवाद

अनेक देशांत यावर बंदी आहे. सिंगापूरमध्ये २०२० पासून कुठल्याही वन्यप्राण्याला विनापरवाना खाऊ घालणं गुन्हा आहे आणि पहिल्या वेळी ५,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. स्पेनच्या दक्षिण टोकाशी असलेल्या जिब्राल्टरमध्ये तिथल्या मकाकांना पर्यटकांनी खाऊ देणं बेकायदा आहे. कायदा मात्र गाइड आणि दुकानदारांच्या सहकार्याशिवाय चालत नाही, जिथे माकडांसाठीचे पुडे विकणारेच फाटकाशी बसतात तिथे पाटीकडे कोण बघणार.

शास्त्रोक्त पद्धतीनं दिलेलं अन्न ही वेगळी गोष्ट आहे, आणि त्यातही जपून पावलं टाकावी लागतात. न्यूझीलंडचा काकापो हा न उडणारा पोपट १९९५ मध्ये फक्त ५१ उरला होता, त्याला पूरक आहार दिला तेव्हा धष्टपुष्ट माद्यांना नर पिल्लंच जास्त व्हायला लागली, म्हणून आहार मोजून ठरवावा लागला, आता संख्या २०० च्या वर आहे. जपानच्या होक्काइडो बेटावर १९५२ च्या कडक हिवाळ्यात गावकऱ्यांनी लाल मुकुटाच्या क्रौंचांना मका टाकला, तेव्हा मोजणीत ३३ पक्षी होते, आज हजाराच्या कितीतरी पुढे आहेत, आणि ही जात तिथे त्यामुळेच वाचली. आता मात्र एवढे पक्षी थोड्याच जागी जमल्यानं साथ आली तर काय ही भीती आहे, म्हणून सरकार हिवाळी खाणं टप्प्याटप्प्यानं कमी करतंय, आणि क्रौंच दलदलीत पांगण्याऐवजी जवळच्या दुधाच्या गोठ्यांत शिरून गाईंच्या पुढ्यातला मका खातात, त्यावर तिथे अजून तोडगा शोधणं चालू आहे.