पिसवांचं औषध आणि मांजराचं यकृत

फाल्गुनात ऊन तापायला लागलं की मांजराच्या अंगावर पिसवा दिसू लागतात. मागच्या पायाने मान खाजवणं सुरू होतं, फणी फिरवली की दातांत मिरपुडीसारखे काळे कण येतात. ते ओल्या कापसावर ठेवा. भोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे तुमच्या मांजराचंच पचलेलं रक्त.

गेल्या चैत्रात आमच्या शेजारच्या काकूंनी घरातल्या कुत्र्यासाठी आणलेलं औषध बोक्याच्या मानेवर सोडलं, तेही दोनच थेंब. संध्याकाळपर्यंत त्याचे कान फडफडायला लागले, मग तो पंजे झटकू लागला, आणि रात्री सगळं अंग थरथरत होतं. भांड्यांच्या साबणाने, कोमट पाण्याने अंग धुऊन त्याला डॉक्टरांकडे नेलं. तिसऱ्या दिवशी तो उभा राहिला. "कुत्र्याला चालतं, मग मांजराला कमी दिलं तर काय बिघडलं?" काकूंचा हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो.

बिघडतं ते यकृतात. त्या औषधात परमेथ्रिन होतं. कुत्र्यांसाठीच्या काही थेंबांत ते ४५ ते ६५ टक्के असतं. चेतापेशींतली सोडियमची दारं ते उघडीच ठेवतं, त्यामुळे चेता थांबायचं विसरतात. पिसू त्यानेच मरते. माणूस आणि कुत्रा मात्र असे पदार्थ यकृतात मोडतात आणि त्यांच्या तुकड्यांना ग्लुकुरॉनिक आम्ल नावाचा, ग्लुकोजपासूनच बनलेला एक रेणू चिकटवतात. हा रेणू चिकटला की तेलात विरघळणारा पदार्थ पाण्यात विरघळू लागतो आणि लघवीवाटे निघून जातो. चिकटवण्याचं काम यूजीटी कुळातली विकरं करतात. त्यांतलं यूजीटी१ए६ हे विकर बनवणारं जनुक मांजरात आहे, पण मोडकं. मधली अक्षरं अशी बदललीत की त्यातून विकर तयारच होत नाही. वाघ, सिंह, चित्ता, सगळ्यांचं तसंच. याचं एक पटणारं कारण आहारात आहे. वनस्पतींतली विषारी रसायनं निपटायला हे विकर लागतं. फक्त मांसावर जगणाऱ्या प्राण्यात ते मोडलं तरी काही अडत नाही, आणि मोडकं जनुक पिढ्यानपिढ्या पुढे जातं. गोड चव ओळखणारं मांजराचं जनुकही असंच निकामी आहे, हे २००५ मध्ये दाखवलं गेलं. म्हणून पाडव्याच्या साखरगाठीकडे मांजर ढुंकूनही बघत नाही.

आता पॅरासिटामॉल. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी चार किलोच्या मांजराचा जीव घेऊ शकते. यूजीटीची वाट बंद असल्याने औषध दुसऱ्या वाटेने मोडतं, त्यातून निघणारे घातक रेणू हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेतात. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. मांजराला ताप आहे असं वाटलं तरी घरातली गोळी देऊ नका.

मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्यांइतकीच चिंता मला 'हर्बल आहे, काही होत नाही' म्हणणाऱ्यांची वाटते. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल हे फिनॉल नावाच्या रसायनकुळातलंच आहे, आणि ही रसायनं निपटणं हीच मांजराच्या यकृताची अडचण. फिनेलने पुसलेली ओली फरशीही धोक्याची, कारण मांजर पंजे चाटतं.

मग पिसवांसाठी काय? मांजरासाठीच बनवलेलं, वजन सांगून डॉक्टरांकडून घेतलेलं औषध. घरात कुत्रा असेल आणि त्याला परमेथ्रिन लावलं असेल, तर ते वाळेपर्यंत तरी दोघांना एकत्र झोपू देऊ नका. पुष्पगुच्छातल्या लिलीचा यकृताशी संबंध नाही, पण तिचे परागकण अंगावरून चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होतात, तेव्हा ती घरात नकोच.

याच दिवसांत स्वेटर कपाटात जातात आणि सोबत डांबरगोळ्या. त्यांतलं नॅप्थलीनही मांजराला चटकन बाधतं. आमची मनी घडी घातलेल्या शालीवर झोपते, म्हणून आम्ही लोकरीचे कपडे घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवतो आणि गोळ्या घालत नाही.