मेसचे पैसे कुठून येणार? नाशिकमध्ये शिकणाऱ्यांसाठी भोजन भत्ता, रेशन आणि कागदपत्रं

फी माफ झाली की शिक्षण फुकट झालं, असं गावाकडे अनेकांना वाटतं. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण मेसवाला काही माफ करत नाही. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबक भागातून मुलं कॉलेजरोड-गंगापूररोडला शिकायला येतात. खोलीभाडं ठरलेलं, परीक्षेचा अर्ज ठरलेला, मग काटकसर करायची ती पोटालाच. दोन वेळचा डबा एकवेळचा होतो आणि दुसरी वेळ वडापाववर निघते. हे कुणी कुणाला सांगत नाही, त्यामुळे वर्गशिक्षकांनाही कळत नाही.

जेवणासाठी सरकारी पैसा आहे. मात्र तो समाजकल्याण, आदिवासी विकास आणि इतर मागास बहुजन कल्याण अशा वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेला आहे, आणि त्या योजनांच्या नावात कुठेही जेवण हा शब्द नाही. दुसरं म्हणजे हा पैसा मेसच्या तारखेला येत नाही, महिने उलटल्यावर येतो. म्हणून दोन कामं एकाच वेळी करायची: वर्षाच्या भत्त्याचा अर्ज भरून ठेवायचा, आणि तो येईपर्यंतची सोय वेगळी लावायची.

वर्षाचा भत्ता: तुम्ही कोणत्या योजनेत बसता

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयम् योजना. या दोन्ही २०१६-१७ पासूनच्या. ओबीसी, भटक्या-विमुक्त जाती-जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी २०२४ मध्ये ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली. तिन्हींचं सूत्र एकच: शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर राहण्या-जेवणाचा खर्च थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात.

रक्कम शहराप्रमाणे बदलते. मुंबई-पुण्याला वर्षाला ६०,००० रुपये, नाशिक शहराला ५१,०००. या ५१,००० मध्ये भोजन भत्ता २८,०००, निवास भत्ता १५,००० आणि निर्वाह भत्ता ८,००० आहे. तालुक्याच्या ठिकाणी शिकत असाल तर एकूण ३८,०००. स्वाधारमध्ये शैक्षणिक साहित्यासाठी वैद्यकीय आणि अभियांत्रिकीला ५,०००, इतरांना २,००० रुपये वेगळे मिळतात.

२८,००० ला दहा महिन्यांनी भागा: महिन्याला २,८०० येतात. तुमच्या मेसचा दर त्याशेजारी मांडून बघा. दोन वेळच्या जेवणाला हे पुरतं का, हा प्रश्न विद्यार्थी संघटना बऱ्याच वर्षांपासून विचारत आहेत. २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतल्या खानावळी बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकायचं ठरलं, तेव्हा याच मुद्द्यावर विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला होता. माझं मतही त्यांच्याच बाजूचं. हातात पैसे आले की आधी खोलीमालक उभा असतो, ताट त्यानंतर. तरीही जे मिळतंय ते सोडण्यात काही अर्थ नाही.

अटी साधारण अशा. पालकांचं वार्षिक उत्पन्न २.५ लाखांच्या आत. शासकीय वसतिगृहात प्रवेश नको. बँक खाते आधारशी जोडलेलं हवं. स्वाधारसाठी आधीच्या परीक्षेत किमान ५० टक्के गुण लागतात, दिव्यांगांना ४० टक्के. स्वाधार अकरावीपासून लागू होते, स्वयम् बारावीनंतरच्या शिक्षणाला. सावित्रीबाई फुले आधार योजनेत जिल्ह्याला ६०० जागा आहेत आणि निवड गुणवत्तेवर होते, त्यामुळे तिथे शेवटच्या तारखेची वाट बघू नका.

सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती स्थानिक नसण्याच्या अटीवर. तुम्ही ज्या शहरात शिकता तिथले रहिवासी असाल तर या योजना मिळत नाहीत. म्हणजे सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीत, फुलेनगरच्या झोपडपट्टीत वाढलेल्या मुलाला पत्त्यामुळेच भत्ता नाही, मग घरात एकवेळचीच चूल का पेटेना. दिंडोरी-सिन्नरहून सकाळच्या एसटीने अप-डाऊन करणारेही बाहेर, कारण ते इथे राहत नाहीत. नियम वसतिगृह डोळ्यांपुढे ठेवून केले गेले, भूक डोळ्यांपुढे ठेवून केले असते तर वेगळे झाले असते. अशांसाठी पुढे सांगितलेले मार्ग आहेत.

खुल्या प्रवर्गातल्या किंवा मराठा विद्यार्थ्यांनी महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना बघावी. ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, उत्पन्न मर्यादा ८ लाख. पालक अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर असतील तर भत्ता जास्त मिळतो, म्हणून सातबारा किंवा मजूर नोंदणीचा दाखला आधीच काढून ठेवा.

अर्ज कुठे

स्वाधारसाठी समाजकल्याण विभागाच्या वसतिगृह पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा. कागदपत्रांची पडताळणी समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयाकडे असते, ते नाशिक-पुणे रोडला नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात. स्वयम् योजनेचा अर्ज आदिवासी विकास विभागाच्या पोर्टलवर भरायचा आणि पाठपुरावा एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करायचा. जिल्ह्यात अशी दोन प्रकल्प कार्यालयं आहेत, नाशिक आणि कळवण. आपलं कॉलेज कोणत्या कार्यालयाकडे येतं ते आधी विचारून घ्या, नाहीतर एसटीचं भाडं वाया जातं. राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे, पण म्हणून तिथे जाऊन अर्ज मंजूर होत नाही. काम प्रकल्प कार्यालयाचंच.

आधी वसतिगृहाचा अर्ज भरा. वसतिगृहात जागा नाही मिळाली, हीच या योजनांची पायरी आहे. वसतिगृहाला अर्जच न करता थेट भत्ता मागणाऱ्यांची फाइल तिथेच थांबते. आणि वसतिगृह मिळालं तर नाक मुरडू नका. भाड्याची कटकट जाते, तेच मोठं.

कागदपत्रं

जातीचा दाखला, आधार कार्ड, दहावी-बारावीच्या आणि मागच्या वर्षाच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, कॉलेजचं बोनाफाईड, चालू वर्षाची प्रवेश पावती आणि बँक पासबुकाचं पहिलं पान. दिव्यांग असाल तर त्याचं प्रमाणपत्र. हे बहुतेकांकडे असतं. अडतं ते पुढच्या तीन गोष्टींवर.

पहिली, उत्पन्नाचा दाखला. तो तहसीलदारांचा लागतो आणि आपले सरकार सेवा केंद्रातून निघतो. पालकांच्या गावच्या तालुक्यातून काढायचा, नाशिकच्या नव्हे. तलाठ्याचा अहवाल, रेशन कार्ड, पालकांचं आधार आणि स्वयंघोषणापत्र एवढ्यावर काम होतं. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे मागच्या वर्षीचा दाखला जोडला की अर्ज परत येतो. एप्रिल-मे मध्ये, आई-वडील शेतात अडकायच्या आत, दाखला काढून घ्या. जूनमध्ये सेवा केंद्रासमोरची रांग रस्त्यापर्यंत येते. मुदतीत दाखला मिळाला नाही तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येतं, त्यासाठी अर्जाची पावती जपून ठेवा.

दुसरी, राहण्याचा पुरावा. भाडे करारनामा किंवा भाडेपावती लागते आणि खोलीमालक सही द्यायला कुरकुर करतात. घरपट्टी वाढेल, आयकरवाले येतील, अशी त्यांची भीती असते. खोली ठरवतानाच, डिपॉझिट हातात देण्याच्या आधी, कराराचं बोलून घ्या. चौघं मिळून राहत असाल तर चौघांचीही नावं करारात हवीत. स्थानिक रहिवासी नसल्याचं आणि इतर कुठल्या वसतिगृहात नसल्याचं प्रतिज्ञापत्रही द्यावं लागतं. सरकारी कार्यालयात द्यायच्या अशा प्रतिज्ञापत्राला ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतं. कुणी मागितला तर नियम दाखवायला सांगा.

तिसरी, बँक खाते. आधार लिंक आहे असं बँकेतला माणूस सांगतो तेव्हा ते केवायसीपुरतं, म्हणजे ओळख पडताळणीपुरतं, असू शकतं. सरकारी पैसा मात्र आधार ज्या खात्याला एनपीसीआयकडे (बँकांमधले पैशांचे व्यवहार जोडणारी संस्था) शेवटचं जोडलेलं असतं तिथेच जातो. शाळेत असताना गावच्या बँकेत उघडलेलं खाते बंद पडलेलं असतं, शिष्यवृत्ती तिकडे वळते आणि विद्यार्थी इकडे नाशिकच्या खात्यात वाट बघत बसतो. शाखेत जाऊन आधार सीडिंगचा फॉर्म लेखी द्या आणि आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक दिसते ते तपासा. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्यावर अख्खं वर्ष अवलंबून असतं.

पैसे येईपर्यंत

रेशनचा विचार विद्यार्थी करतच नाहीत, आणि खरं तर खोलीवर हाताने करून खाणाऱ्यांसाठी ती सगळ्यात लवकर होणारी सोय आहे. घरचं कार्ड प्राधान्य कुटुंब योजनेतलं असेल तर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. एक देश एक रेशन कार्ड व्यवस्थेमुळे सुरगाण्याच्या कार्डावरचं धान्य पंचवटीतल्या दुकानात अंगठा लावून उचलता येतं. वेगळा अर्ज नाही, कार्ड बदलायची गरज नाही. तुमचं नाव कार्डात हवं, आधार जोडलेलं हवं आणि ई-केवायसी झालेली हवी. दुकानदाराला फक्त आपल्या वाट्याचं मागा आणि घरी फोन करून सांगा, नाहीतर गावी आईला धान्य संपल्याचं उत्तर मिळेल. अंत्योदय कार्डावर धान्य माणशी नसून कार्डाला ३५ किलो असतं, तिथे वाटणी घरात बसून ठरवावी लागते.

शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. दहा रुपयांत दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात. उत्पन्नाचा दाखला नाही, रेशन कार्ड नाही. केंद्रावर नाव सांगायचं, फोटो काढतात, झालं. दिवसाच्या थाळ्या ठरलेल्या असतात, त्या संपल्या की संपल्या. अनुदान थकल्यामुळे मध्ये अनेक ठिकाणी केंद्रं रखडली होती, तेव्हा आपल्या जवळचं चालू आहे का ते आधी बघून या. तिथे जेवायला लाज वाटते असं मुलं म्हणतात. रांगेत तुमच्या पुढे रिक्षावाले आणि सिव्हिलमध्ये पेशंटसोबत आलेले नातेवाईक असतात, त्यांना तुमच्याकडे बघायला वेळ नसतो.

स्थानिक असल्यामुळे भत्ता न मिळणाऱ्यांनी कमवा व शिका योजनेकडे जावं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या नाशिकमधल्या संलग्न महाविद्यालयांत ती चालते. ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा, बाग अशी कामं आणि तासावर मानधन. वर्षाच्या सुरुवातीला कॉलेजच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे अर्ज द्यायचा, सोबत उत्पन्नाचा दाखला आणि गुणपत्रिका. पैसे जास्त नसतात, पण काम कॉलेजच्या आवारातच असल्याने तास बुडत नाहीत. लग्नसराईत केटरिंगला वाढपी म्हणून जाणाऱ्या मुलांना रोख मिळते आणि जेवणही होतं, पण पुढचे दोन दिवस वर्गात डोळे उघडे राहत नाहीत.

हजेरीचा मुद्दा म्हणूनच महत्त्वाचा. स्वाधारला ७५ टक्के उपस्थिती लागते. भत्ता उशिरा आला म्हणून कामाला जायचं, कामाला गेल्याने हजेरी कमी, आणि हजेरी कमी म्हणून पुढचा हप्ता अडला, अशी साखळी बसते. ती तुटायची असेल तर प्राचार्यांना किंवा वर्गशिक्षकांना सत्राच्या सुरुवातीलाच परिस्थिती सांगा. शेवटी वैद्यकीय दाखले गोळा करत फिरण्यापेक्षा ते बरं.

दुसऱ्या वर्षी भत्ता आपोआप सुरू राहत नाही. निकाल, नवं बोनाफाईड, नवा उत्पन्नाचा दाखला आणि हजेरीचा दाखला देऊन नूतनीकरण करावं लागतं. मध्येच खोली बदलली तर नव्या पत्त्याचा करारही कार्यालयात जमा करा.