पम्पकिन एलमध्ये भोपळा असतो कुठे?

अमेरिकेत ऑक्टोबर आला की घरी बिअर बनवणारे हौशी लोक भोपळा भाजायला घेतात. भोपळा जितका जास्त, तितकी पम्पकिन एलला, म्हणजे भोपळा घातलेल्या एल प्रकारच्या बिअरला, चव जास्त, असा पक्का समज. तो चुकीचा आहे.

भोपळ्यात जवळपास नव्वद टक्के पाणी. उरलेल्यातली साखर यीस्ट फस्त करतं, मग चवीला राहतं काय? ज्याला आपण 'पम्पकिन' चव म्हणतो ती दालचिनी, जायफळ, आलं, लवंग यांची. घारगे खाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तिथेही भाव खातात ते गूळ आणि वेलदोडाच. कॅलिफोर्नियात हेवर्डच्या बिल ओवेन्स यांनी 1980च्या दशकात भोपळा घालून बिअर केली, तर भोपळ्याची चवच लागेना. शेवटी त्यांनी 'पम्पकिन पाय' या गोड पदार्थात घालतात तो मसाला घातला.

माल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे मोड आणलेल्या धान्याचा तयार आटवलेला अर्क, वापरणाऱ्यांची तर आणखी एक फसगत होते. भोपळ्यातल्या स्टार्चची साखर करायला एन्झाइम लागतात. एक्स्ट्रॅक्ट तयार होतानाच्या उष्णतेत ते बहुतेक निकामी झालेले असतात. म्हणजे गर थेट उकळीत टाकला की स्टार्च तसाच राहतो, बिअर गढूळ होते आणि तळाशी चिखलासारखा थर बसतो. भोपळा घालायचाच असेल, तर भरडलेल्या पेल माल्टबरोबर (मोड आणून वाळवलेलं फिकट धान्य, यात एन्झाइम शाबूत असतात) तो पाण्यात 65 ते 68 अंश सेल्सिअसला तासभर ठेवा, गाळा, मग एक्स्ट्रॅक्ट मिसळा. रंग छान येतो, तोंडात थोडा भरीवपणाही जाणवतो.

मसाला मात्र उकळीच्या अगदी शेवटी, आणि 19 लिटरला एक-दोन चमचेच. लवंग जरा जास्त झाली की दंतमंजनाची आठवण येते.