बांध खासगी, पैसा सार्वजनिक : महाराष्ट्रातील पाणलोट विकासाच्या निधीची पार्श्वभूमी

सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेत येणाऱ्या पट्ट्यात, म्हणजे नगर, सोलापूर, बीड, सांगलीचा पूर्व भाग आणि पुरंदरसारख्या तालुक्यांत, पाऊस थोडा पडतो आणि तोही मोजक्या जोरदार सरींमध्ये पडून जातो. अशा सरीत माती एकाच्या शेतातून सुटते, दुसऱ्याच्या ओढ्यातून वाहते आणि तिसऱ्याच गावाच्या तलावात गाळ होऊन बसते. जमीन खासगी मालकीची असली तरी तिची धूप एकट्या मालकाला थांबवता येत नाही, म्हणून मृद व जलसंधारणात सार्वजनिक पैसा आला. तो कुणी द्यावा, कुणाच्या सहीने खर्च व्हावा आणि ज्याच्या शेतात काम होते त्याने किती वाटा उचलावा, या प्रश्नांची उत्तरे मात्र गेल्या आठ दशकांत वारंवार बदलली. माझ्या मते या कामांचे यशापयश बांधाच्या आराखड्याइतकेच त्या उत्तरांवर अवलंबून राहिले आहे.

कोरडवाहू शेतीच्या शास्त्रीय अभ्यासासाठी १९३३मध्ये सोलापूरला संशोधन केंद्र सुरू झाले आणि समपातळी बांधांच्या (उताराला आडव्या, एकाच उंचीच्या रेषेने जाणाऱ्या बांधांच्या) शिफारशींना प्रयोगांचा आधार मिळाला. त्यानंतर मुंबई प्रांतात १९४२चा जमीन सुधारणा योजना कायदा आला. एखाद्या संपूर्ण क्षेत्रासाठी बांधबंदिस्तीची योजना आखावी, ती जाहीर करून हरकती ऐकाव्यात, मंजुरीनंतर सरकारी यंत्रणेने काम करावे आणि खर्चाचा काही भाग सरकारने सोसून उरलेला जमीनधारकाकडून हप्त्यांनी वसूल करावा, अशी त्याची साधारण रीत होती. भागीदारीचे हे पहिले कायदेशीर रूप असले तरी त्यात शेतकऱ्याला वाटा होता, आवाज जवळजवळ नव्हता. बांध समपातळी रेषेने जायचा आणि शेताची हद्द मात्र वारसांच्या वाटण्यांनी ठरलेली असायची. त्यामुळे आपल्या शेताला तिरपा छेद देणारा, आपण मागितला नसताना घातलेला आणि वर आपल्याच नावावर वसुली चढवणारा बांध अनेकांनी पुढे नांगराखाली घातला.

१९७२च्या दुष्काळाने चित्र बदलले. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती, आणि त्या अनुभवातून विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेने राज्यव्यापी रूप घेतले. तिचा कायदा १९७७मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. या योजनेची आर्थिक रचना आजही अभ्यासण्याजोगी आहे. शहरांतील नोकरदार आणि व्यावसायिकांवर १९७५च्या कायद्याने व्यवसाय कर बसवण्यात आला, त्याच्या जोडीला इतर काही करांवरील अधिभार आले, आणि या मार्गाने जमणाऱ्या रकमेएवढीच रक्कम राज्य सरकारने आपल्याकडून घालायची असे ठरले. मुंबईत पगारपत्रकातून कापल्या जाणाऱ्या पैशांवर साताऱ्यातील दुष्काळी माण-खटावच्या माळावर मातीकाम होऊ लागले. शहर आणि कोरडवाहू गाव यांच्यातील इतका थेट आर्थिक करार देशात त्याआधी क्वचितच झाला असेल.

तरीही योजनेचे पहिले उद्दिष्ट मजुराच्या हाताला काम देणे हे होते, आणि ते योग्यच होते. जमिनीचा विचार त्यामागून येई. कामे मजुरांच्या मागणीप्रमाणे निघत; एका नाल्यावर बांध होई, पण त्याच्या वरच्या डोंगरउतारावर काहीच न झाल्याने तो दोन-चार पावसाळ्यांत गाळाने भरून जाई. ज्याच्या शेतात काम झाले त्याचा एक पैसाही त्यात नसल्याने दुरुस्तीची जबाबदारी कुणाचीच नव्हती. १९८३मध्ये राज्याने सर्वंकष पाणलोट विकास कार्यक्रम हाती घेतला, तो ही विखुरलेली कामे पाणलोटाच्या, म्हणजे ज्या क्षेत्रातले पावसाचे पाणी एकाच ओढ्याकडे उतरते त्याच्या, हद्दीत एकत्र आणण्यासाठी. ‘माथा ते पायथा’, म्हणजे आधी डोंगरमाथ्यावर काम करून मग खाली उतरायचे, हे तत्त्व त्या काळात सरकारी परिपत्रकांत रुळले. प्रत्यक्षात मात्र पैसा खात्याचा, आराखडा खात्याचा आणि मोजमापही खात्याचेच राहिले.

याच काळात काही गावांत वेगळे प्रयोग चालले होते. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीची उभारणी केली आणि पाण्याचा हक्क जमिनीच्या क्षेत्राऐवजी कुटुंबातील माणसांच्या संख्येशी जोडला, ज्यामुळे भूमिहीनालाही वाटा मिळू शकला. राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने सरकारी योजना आणि श्रमदान यांची सांगड घातली गेली. मराठवाड्यात विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती सहाय्य मंडळाने आडगाव येथे लोकांना बरोबर घेऊन पाणलोटाचे काम उभे केले. सरकारी पैसा नाकारावा असे यांपैकी कुणाचे म्हणणे नव्हते. तो खर्च करण्याआधी गावाने काही नियम स्वतःवर घालून घ्यावेत, एवढाच त्यांचा आग्रह होता.

हा आग्रह निधीच्या अटींमध्ये लिहिला गेला तो इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात. स्वित्झर्लंडहून १९४८मध्ये भारतात आलेले आणि पुढे नगर जिल्ह्यात अनेक वर्षे काम केलेले जेझुइट धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांच्या प्रयत्नांतून १९८९च्या सुमारास ही कल्पना आकाराला आली आणि १९९२पासून प्रत्यक्ष कामे सुरू झाली. जर्मन सरकारचे अनुदान केएफडब्ल्यू या त्यांच्या विकास बँकेमार्फत नाबार्ड या शेती व ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेकडे येई, तर गावांच्या तयारीसाठी लागणारे तांत्रिक साहाय्य जीटीझेड या जर्मन तांत्रिक सहकार्य संस्थेकडून मिळे. ही तयारी करून घेण्याचे काम १९९३मध्ये स्थापन झालेल्या वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट या संस्थेकडे होते. परदेशी सरकार, राष्ट्रीय बँक, स्वयंसेवी संस्था आणि गावाची पाणलोट समिती अशी ही चौघांची साखळी होती, आणि तिच्यात प्रत्येकाचे काम आधी ठरलेले होते.

पैसा एकदम मिळत नसे, हे या कार्यक्रमाचे मर्म होते. गावाने आधी कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीचा निर्णय घ्यायचा, श्रमदान करून दाखवायचे, मग क्षमताबांधणीच्या टप्प्यात पाणलोटाच्या एका लहान भागावर काम करायचे, आणि ते नीट झाले तरच पूर्ण अंमलबजावणीचा निधी मंजूर व्हायचा. अकुशल मजुरीच्या खर्चापैकी १६ टक्के वाटा गावाने श्रमदानातून उचलायचा होता. भूमिहीन आणि एकट्या पालकाची कुटुंबे यांना त्यातून सूट होती. आराखडा गट नंबरनुसार तयार होई आणि शेतमालक नवरा-बायको आपल्या शेतात उभे राहून कोणता उपचार (बांध, चर, झाडे) कुठे घ्यायचा हे तंत्रज्ञाबरोबर ठरवत. १९४२च्या कायद्याखाली ज्याच्या शेतातून बांध न विचारता गेला, त्याच्याच पुढच्या पिढीला इथे प्रथम विचारले गेले. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी आणि जालना जिल्ह्यातील कडवंची ही या कार्यक्रमातील सर्वाधिक चर्चिली गेलेली गावे आहेत.

या रचनेची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही, हेही नोंदवले पाहिजे. चराईबंदी लागली की पहिला फटका शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या भूमिहीनांना आणि धनगर कुटुंबांना बसतो, सरपणाची वणवण बायकांच्या वाट्याला येते, आणि वाढलेल्या पाण्याचा लाभ मात्र खोलगट भागात विहीर असलेल्या शेतकऱ्याला आधी मिळतो. श्रमदानातील सूट हा या विषमतेवरचा अपुरा उतारा होता.

केंद्रानेही याच दिशेने पावले टाकली. पाणलोट कार्यक्रमांचा आढावा घेणाऱ्या हनुमंत राव समितीच्या १९९४च्या अहवालानंतर १९९५मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वे आली. सुमारे ५०० हेक्टरचे पाणलोट, हेक्टरी ४,००० रुपये, चार वर्षांची मुदत आणि लाभार्थ्यांचा ५ ते १० टक्के वाटा, जो पुढील देखभालीसाठी वेगळ्या निधीत ठेवायचा, अशी ती चौकट होती. १९९९-२०००मध्ये नाबार्डकडे २०० कोटी रुपयांचा पाणलोट विकास निधी उभारण्यात आला आणि त्यात केंद्र सरकार व नाबार्ड यांनी निम्मा-निम्मा वाटा घातला. राज्याची आदर्श गाव योजना १९९२पासून सुरू होतीच; हिवरे बाजारसारखे गाव तिच्यातूनच पुढे आले.

पुढच्या काळात रकमा वाढल्या आणि केंद्र-राज्य प्रमाण बदलत गेले. २००९च्या एकात्मिक पाणलोट व्यवस्थापन कार्यक्रमात केंद्राचा वाटा ९० टक्के आणि राज्याचा १० टक्के होता. २०१५मध्ये तो कार्यक्रम प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजनेत गेला आणि प्रमाण ६०:४० झाले. राज्यांवरचा भार वाढला, आणि गावाची तयारी करून घेण्यासाठी थांबण्याची सवड कमी होत गेली, असे मला वाटते.

डिसेंबर २०१४मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाने वर्षाला ५,००० गावे टंचाईमुक्त करण्याचे लक्ष्य ठेवले. अनेक खात्यांच्या योजनांचा पैसा जिल्हाधिकाऱ्यांच्या समन्वयाखाली एकत्र आणणे ही त्यातील खरी नवी गोष्ट होती, आणि लोकवर्गणी व कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधीही तिला जोडला गेला. परंतु वर्षाच्या आत आकडा गाठायचा तर यंत्राने होणारे नाला खोलीकरण सोयीचे पडते आणि माथ्यावरचे चर, बांधबंदिस्ती व गवत-झाडे ही धीमी कामे मागे राहतात. ९,६३३ कोटी रुपयांहून अधिक खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात अभियानाचा परिणाम अल्प राहिला, असा शेरा नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२०च्या अहवालात आला.

प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजनेतील पाणलोट कामांच्या २०२१-२६च्या टप्प्यात खर्चाची मर्यादा सपाट भागासाठी हेक्टरी २२,००० आणि डोंगराळ भागासाठी २८,००० रुपये इतकी वाढवण्यात आली. मुदत संपल्यानंतर बांधाची दुरुस्ती कोण करणार आणि मुरलेले पाणी कोण किती उपसणार, हे दोन प्रश्न मात्र निधीच्या रचनेबाहेरच राहिले आहेत. उपशासाठी २००९चा महाराष्ट्र भूजल अधिनियम २०१४पासून अमलात आहे, पण पाणी जिरवण्याच्या अनुदानाचा हप्ता त्याच्या पालनाशी बांधलेला नाही. जोवर तो बांधला जात नाही तोवर ही जबाबदारी ग्रामसभेच्या ठरावावरच राहते. हिवरे बाजारमध्ये ती तशीच पेलली जाते: पाऊस संपल्यावर पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि रब्बीत कोणते पीक घ्यायचे ते त्यावरून ठरते.