रोडावलेला घोडा आणि उपाशी ठेवलेला घोडा

पुण्याजवळ कात्रज, धायरी, वाघोली, कुठलाही मोकळा प्लॉट घ्या. खुंटीला एक घोडा बांधलेला. बरगड्या मोजता येतील इतका बारीक, मान खाली, मागचा एक पाय अर्धवट उचललेला. कुणीतरी गाडी थांबवून फोटो काढतं आणि संध्याकाळपर्यंत तो फोटो शहरातल्या झाडून सगळ्या प्राणीप्रेमींच्या मोबाइलवर पोचतो. "मालकाला आत टाका" इथपासून "रात्री टेम्पो घेऊन जाऊ आणि सोडवून आणू" इथपर्यंत सल्ले सुरू होतात.

हा घोडा दोनपैकी एक असू शकतो. वयाने किंवा दुखण्याने रोडावलेला, पण ज्याच्यामागे कुणीतरी रोज राबतंय असा. किंवा वैरण-पाणी न देता, न बघता सोडून दिलेला. फोटोत दोघं सारखेच दिसतात. समोर उभं राहून दहा मिनिटं नीट बघितलं तर मात्र ते क्वचितच सारखे निघतात. अडचण एवढीच, की आपण बघतो बरगड्या, आणि बरगड्या या बाबतीत फार कमी बोलतात.

पशुवैद्य घोड्याच्या अंगावरचं मांस-चरबी १ ते ९ या पट्टीवर मोजतात. १ म्हणजे नुसता सापळा, ९ म्हणजे बेढब लठ्ठ, आणि ५ म्हणजे बरगड्या दिसत नाहीत पण हात फिरवला की लगेच लागतात. ही पट्टी १९८३ सालची, अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये तयार झालेली. तिच्यात बरगड्या ही सहापैकी फक्त एक जागा आहे. बाकीच्या पाच म्हणजे मान, खांद्यावरचा उंचवटा, खांद्यामागची जागा, पाठ-कंबर आणि शेपटीचं मूळ. पावसाळ्यात पुण्याच्या रेसकोर्सवर धावणारे थरोब्रेड घोडे पाहिलेत ना? ऐन तयारीतल्या घोड्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या पुसट दिसतातच, आणि त्याला कुणी उपाशी म्हणत नाही. याउलट पोटात जंत झालेल्या शिंगराचं पोट गोल गरगरीत दिसतं, आणि वरची पाठ मात्र सुकलेली असते. जातीचाही फरक पडतो. भीमेच्या खोऱ्यातलं भीमथडी तट्टू हे मुळातच लहान चणीचं आणि काटक. धनगरांच्या कळपामागे डोंगर तुडवणाऱ्या त्या जनावराला मारवाडी घोड्याची गोलाई शोभणारही नाही. त्यामुळे "किती बारीक आहे बघा" या एकट्या वाक्यावर विसंबून कुणाचा न्याय करू नये.

म्हातारा घोडा कसा रोडावतो ते आधी पाहू. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगू शकतो. विशी ओलांडली की पाठीवरचे स्नायू झिजतात, कणा वर येतो, पाठ मध्ये खचते, डोळ्यांच्या वर खळगे पडतात, खालचा ओठ लोंबतो. यातलं काहीही मालकाच्या हातात नसतं. त्यातून दात. घोड्याचे दात आयुष्यभर हिरडीतून वर सरकत राहतात आणि चावून चावून झिजत राहतात. झीज वाकडी झाली की कडा सुरीसारख्या धारदार होतात, गाल आणि जीभ सोलवटते, आणि म्हातारपणी दात संपतातच. असा घोडा कडबा चघळतो, त्याचे ओले गोळे करतो आणि खाली टाकतो. गव्हाणीजवळ असे अर्धवट चावलेले गोळे पडलेले दिसले, लीदेत वैरणीचे लांब लांब धागे दिसले, तर अन्न मिळतंय पण अंगी लागत नाही असं समजायला हरकत नाही. उपाय असतात. दात कानशीने घासून घेणं, भिजवलेली मऊ चंदी (घोड्याचा दाणा) देणं. कुठल्याही उपायाने पंचविशीतला घोडा पाच वर्षांचा होत नाही.

दुसरं कारण आपल्याकडे फार विसरलं जातं. सर्रा. घोड्यांना चावणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे हा रक्तातला रोग पसरतो, म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर तो जास्त दिसतो. ताप येतो-जातो, पायांवर आणि पोटाखाली सूज येते, रक्त कमी होतं आणि घोडा खात असूनही आठवड्या-आठवड्याला वाळत जातो. उपचार चालू असलेला सर्राचा घोडा लांबून अगदी छळलेल्या जनावरासारखा दिसतो. अंगावर पिणारं शिंगरू असलेली घोडीही अशीच फसवते. दुधाच्या दिवसांत तिची भूक जवळपास दुप्पट होते आणि चांगल्या घरातली घोडीसुद्धा थोडी उतरते.

मग ओळखायचं कसं? माझं मत विचाराल तर आधी खाली बघा. खूर बघा.

खुराची भिंत महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते. वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत यायला पुढच्या बाजूला ९ ते १२ महिने लागतात. म्हणजे घोड्याच्या पायात गेल्या वर्षभराची वही उघडी पडलेली असते. दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंदाचा हात लागलेला खूर आणि वर्षभर कुणी न बघितलेला खूर यांत गफलत होऊच शकत नाही. दुसरा पुढे लांबलेला, वर वळलेला, कडा फुटलेल्या, टाच कोसळलेली. नाल असलाच तर तो खुराच्या आत बुजत चाललेला. मालक "परवापासूनच आजारी आहे" असं म्हणत असेल आणि खूर हाताएवढे वाढलेले असतील, तर परवाची गोष्ट नाही. आणि घोडा काडीसारखा असेल पण खूर नीट कापलेले, तळ साफ, आयाळीत जटा नाहीत, तर त्या घोड्याजवळ कुणीतरी नियमितपणे वाकून बसतंय. उपाशी ठेवणारा माणूस नालबंदाचे पैसे देत नाही. भिंतीवर आडव्या कंगोऱ्यांसारख्या रेषा दिसल्या तर लगेच आरोप करू नका. चारा किंवा ऋतू बदलला की समांतर रेषा उमटतातच. टाचेकडे रुंद होत जाणाऱ्या रेषा मात्र खुराच्या आतल्या जुन्या सुजेची खूण असते, आणि त्या घोड्याला प्रत्येक पाऊल दुखलेलं असतं.

पावसाळ्यात पुण्याच्या चिखलात खुराच्या तळाला काळपट, घाण वासाचा कुजका भाग होणं सहज होतं. तो दिसला म्हणजे मालक नालायक असं नाही. दोन आठवड्यांनी तोच वास, तोच चिखल, तीच जागा असेल तर मात्र प्रश्न विचारायला हवा.

त्यानंतर घोड्याच्या आसपास नजर टाका. घोड्याला दिवसाला त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा लागतो. ४०० किलोच्या घोड्याला सहा-आठ किलो. पाणी पंचवीस-तीस लिटर तरी, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. एवढं येण्या-जाण्याच्या खुणा राहतात. कडब्याचा भारा, ओली बादली, ताजी लीद. उपाशी घोड्याकडे लीद कमी असते, गव्हाण चाटून साफ असते, झाडाची साल आणि दाव्याचा दोर कुरतडलेला असतो. बाजूला दुसरे घोडे असतील तर त्यांच्याकडे बघणं सगळ्यात उपयोगाचं. एकच वाळलेला आणि बाकीचे तुकतुकीत असतील तर बहुतेक दुखणं किंवा वय. सगळेच वाळलेले असतील तर वैरण कमी पडतेय, यात फारशी शंका नको.

जखमांचंही असंच. पाठीवर किंवा छातीवर पांढऱ्या केसांचे ठिपके म्हणजे कधीकाळी खोगिराने किंवा पट्ट्याने झालेली, आता भरलेली जखम. तो घोडा दोन मालकांआधी कुणाकडे होता कोण जाणे. त्याच जागी लाल, ओलसर, माश्या बसलेली जखम आणि तिच्यावरच पुन्हा खोगीर, हे आजचं पाप आहे.

आणि ज्यांवरून हमखास गदारोळ होतो पण ज्यांत काहीच नसतं, अशा गोष्टी भराभर सांगतो. मागच्या एका पायाचं फक्त टोक टेकवून उभा असलेला घोडा लंगडा नसतो, विसावा घेत असतो. पुढचा पाय सतत पुढे धरून उभा असेल तर मात्र दुखतंय. आडवा पसरलेला घोडा बहुधा मेलेला नसतो, खरी गाढ झोप त्याला पडूनच लागते. डोळ्यांवरची जाळी ही माश्यांसाठी असते, तिच्यातून त्याला दिसतं. पावसात बाहेर उभा राहणं ही पुष्कळ घोड्यांची आवड असते, आडोसा आहे की नाही तेवढं बघा.

समजा बघितलं, आणि घोडा खरंच उपाशी निघाला. इथे प्रेमळ माणसं सगळ्यात मोठी चूक करतात. पिशवीभर हरभरे, गूळ, पाव, पोळ्या घेऊन जातात. आठवडेच्या आठवडे उपाशी राहिलेल्या घोड्याला एकदम चंदी मिळाली की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने खाली येतं आणि पहिल्या आठवडा-दहा दिवसांत तो दगावू शकतो. शिवाय पोटशूळाचा धोका आहेच, आणि घोड्याला उलटी करता येत नाही. अशा घोड्याला पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणे थोडं थोडं लसूणघास (ल्युसर्नचा चारा) दिवसातून अनेकदा, आणि स्वच्छ पाणी, एवढंच देतात. दात गेलेल्या म्हाताऱ्या घोड्याला गाजराचे आणि उसाचे तुकडेही नकोत, ते घशात अडकतात. दुखण्याने वाळलेल्या घोड्याचं पथ्य आणखी वेगळं. तेव्हा मालकाला न विचारता काहीही खाऊ घालायचं नाही, फक्त पाणी ठेवा.

मालकाशी बोलायचं ते चौकशीच्या सुरात. "काय हो, किती वयाचा आहे? दात बघितलेत का? औषध चालू आहे का?" या तीन प्रश्नांत बरंच कळतं. ज्याचं औषध चालू आहे तो माणूस चिठ्ठी काढून दाखवतो आणि वर अर्धा तास आपलं गाऱ्हाणं सांगतो. ज्याचं काही चालू नाही तो "तुम्हाला काय करायचंय" म्हणतो. (कधी कधी चांगला मालकही तसंच म्हणतो, कारण सकाळपासून तिघांनी त्याला झापलेलं असतं.)

या दोघांच्या मध्ये एक तिसरा माणूस असतो आणि पुण्याच्या आसपास तोच जास्त भेटतो. लग्नसराई संपली, चातुर्मास लागला की घोडीवाल्याच्या हाताला काम नसतं. पाचगणी, महाबळेश्वर, माथेरानला ऐन पावसात पर्यटक रोडावतात. कमाई थांबते, घोड्याचं पोट थांबत नाही. टाळेबंदीच्या काळात तर हे फारच उघडं पडलं. घोड्याच्या दृष्टीने उपास तो उपासच, मालक गरीब आहे म्हणून बरगड्या कमी टोचत नाहीत. पण करायचं काम बदलतं. इथे फिर्यादीआधी वैरणीची सोय, जंताचं औषध आणि नालबंदाचा खर्च उचलला तर घोडा लवकर सुधारतो, आणि जप्तीनंतर तो कुठे ठेवायचा हा प्रश्नच उरत नाही. शहरात घोडा ठेवायला जागा शोधून बघा, मग कळेल.

मालक करू शकत असून करत नसेल, किंवा जखमी घोडा कामाला जुंपत असेल, तर मात्र गोड बोलण्यात वेळ घालवू नये. १९६०च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याचं ११वं कलम पुरेसं अन्न, पाणी आणि निवारा न देणं, तसंच वय, रोग किंवा जखमेमुळे कामाला नालायक जनावर राबवणं या दोन्हींना गुन्हा मानतं. पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये आहे, म्हणजे आज चहा-वड्याच्या बिलाइतका. कायद्याचा धाक नाही असं लोक म्हणतात ते यामुळेच. पण ३४व्या कलमाने शिपायाच्या वरच्या दर्जाच्या पोलिसाला जनावर ताब्यात घेऊन तपासणीला पाठवता येतं, आणि घोड्याच्या दृष्टीने दंडापेक्षा तेच महत्त्वाचं. बग्गी ओढणाऱ्या घोड्यांसाठी १९६५चे नियम आहेत. दिवसाला एकूण ९ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ अजिबात नाही. एप्रिल-मेच्या पुण्यात हा शेवटचा नियम कितीतरी दिवस लागू होतो. रात्री टेम्पो घेऊन घोडा उचलून आणणं ही मात्र चोरी ठरते, आणि मग आरोपीच्या पिंजऱ्यात मालकाऐवजी तुम्ही उभे राहता.

फोन करायचा तो ११२ वर किंवा स्थानिक पोलीस ठाण्यात. दुखणं दिसत असेल तर पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ वर. सोबत जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीला लेखी तक्रार द्या. तक्रारीत "अत्यंत वाईट अवस्था" असं लिहिण्यापेक्षा चारही खुरांचे बाजूने काढलेले फोटो, गव्हाणीचा आणि पाण्याच्या भांड्याचा फोटो, तारीख आणि वेळ जोडा. चार-पाच दिवसांनी त्याच कोनातून तेच फोटो पुन्हा काढा. घोडा उजव्या बाजूने एकदा, डाव्या बाजूने एकदा आणि मागून शेपटीच्या मुळासकट, दोन्ही वेळी सपाट जमिनीवर उभा असताना.