शिकाऱ्याची रायफल आणि उशाशी ठेवलेलं पिस्तूल

अमेरिकेतल्या मोंटाना, आयडाहो, वायोमिंग या राज्यांचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं: "तिथे काय, घरोघरी बंदुका, शिकारीचा मुलुखच तो." या एका वाक्यात दोन वेगळी जनावरं एकाच दाव्याला बांधलेली आहेत. शिकारीची संस्कृती ही एक गोष्ट आणि बंदुकीची संस्कृती ही दुसरी. दोन्हींच्या हातात दिसणारी वस्तू एकच, म्हणून लांबून फरक कळत नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत बाहेरून तिथे राहायला आलेल्या माणसांनी मात्र हा फरक उघडा पाडला आहे, कारण त्यांच्यामुळे एक संस्कृती फोफावते आहे आणि दुसरीचा श्वास कोंडतो आहे.

आपला गोंधळ होतो यात नवल नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार जवळजवळ बंदच झाली आणि आपल्या मनात शिकारी उरला तो वाघाच्या मढ्यावर पाय ठेवून फोटोला उभा राहिलेला संस्थानिक. पण कोकणातल्या वाचकाला हा फरक चटकन उमगेल. सिंधुदुर्गातल्या एखाद्या घरात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक असते, रानडुकरांनी शेत उद्ध्वस्त करू नये म्हणून. शहरातल्या एखाद्या बिल्डरच्या कमरेला स्वसंरक्षणाच्या परवान्यावरचं पिस्तूल असतं. कायद्याच्या भाषेत दोन्ही शस्त्रंच, पण गाव त्या दोघांकडे एकाच नजरेनं बघत नाही.

मोंटानातली शिकारीची रायफल बहुधा बोल्टची असते. एक गोळी झाडली की बोल्ट हातानं मागे ओढायचा, रिकामं काडतूस बाहेर पडतं, मग बोल्ट पुन्हा पुढे. वर दुर्बीण. पुष्कळ घरांत ती वडिलांकडून किंवा आजोबांकडून आलेली असते. वर्षातले बहुतेक महिने ती कपाटात पडून राहते, कारण रायफलचा मुख्य हंगाम पाचच आठवड्यांचा. ऑक्टोबरच्या अखेरीला सुरू होतो आणि नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या रविवारी संपतो. या पाच आठवड्यांभोवती नियमांचं दाट जाळं आहे. परवाना हवा, टॅग, म्हणजे मारलेल्या जनावराला लावायची चिठ्ठी, हवा. कमरेच्या वर किमान ४०० चौरस इंच झगझगीत नारिंगी रंग दिसायला हवा, म्हणजे दुसरा शिकारी तुम्हाला हरीण समजणार नाही. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा गुन्हा. १ जानेवारी १९८५ नंतर जन्मलेल्यांना शिकारीचं शिक्षण घेतल्याशिवाय सहसा परवाना मिळत नाही.

आणि गोळी लागल्यावर खरं काम सुरू होतं. नर एल्क तीनशे किलोच्या घरात जातो, आपल्या मोठ्या सांबराच्या तोडीचा. तो जिथे पडला तिथेच सोलायचा, मांड्या-खांदे वेगळे करायचे आणि बर्फातून, उतारावरून एकेक ओझं पाठीवर घेऊन गाडीपर्यंत आणायचं. तीन-चार फेऱ्या होतात. मग घरी कापणं, खिमा करणं, पाकिटं बांधणं. हंगाम कसा गेला, या प्रश्नाचं उत्तर तिथे फ्रीझर देतो. एवढ्या सगळ्या खटाटोपात बंदुकीचं काम एका क्षणाचं. बाकी सगळं आहे चालणं, वाऱ्याची दिशा, जनावराची सवय, शेजाऱ्याची परवानगी आणि मांसाची वाटणी. बंदुकीच्या जागी धनुष्यबाण घेतला तरी ही संस्कृती तशीच राहते, आणि धनुष्याचा वेगळा हंगाम तिथे असतोच.

दुसऱ्या संस्कृतीतली बंदूक वर्षभर भरलेली आणि तयार असते; ती वापरायची वेळ येऊ नये अशीच मालकाची इच्छा असते. पिस्तूल किंवा एआर-१५ सारखी अर्धस्वयंचलित रायफल. तिचं जग म्हणजे सरावाची रेंज, घराचा दरवाजा, गाडीचा कप्पा, आणि शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती. इथे नियम उलट दिशेनं पातळ होत गेले आहेत. परवान्याशिवाय पिस्तूल लपवून बाळगण्याची मुभा वायोमिंगनं आपल्या रहिवाशांना २०११ मध्ये दिली, आयडाहोनं २०१६ मध्ये, मोंटानानं २०२१ मध्ये. म्हणजे मोंटानातल्या तरुणाला हरणावर गोळी झाडायची तर सहसा आधी शिक्षण घ्यावं लागतं. भरलेलं पिस्तूल कमरेला लपवून बाजारात फिरायचं तर लागत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कायद्यानंही ओळखलेलं आहे.

मात्र नुसतं शस्त्र बघून माणूस ओळखायला जाऊ नये. गुरांच्या मागे लागणाऱ्या कोल्ह्यासारख्या कायोटींसाठी एआर-१५ वापरणारे जुने रँचवाले, म्हणजे गुरांच्या मोठ्या मळ्यांचे मालक, आहेत, आणि ग्रिझली अस्वलांच्या रानात एल्कच्या मागावर जाणारे काही जण कमरेला पिस्तूलही ठेवतात. वस्तू इकडची तिकडे जाते. बंदूक घरात कशासाठी आली, हे विचारल्याशिवाय फरक कळत नाही.

हा प्रश्न तिथे वारंवार विचारला गेला आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या बंदूकमालकांना बंदूक बाळगण्याचं मुख्य कारण विचारलं तेव्हा ४९ टक्के शिकार म्हणाले आणि २६ टक्के संरक्षण. २०२३च्या प्यू या जनमत-संशोधन संस्थेच्या पाहणीत ७२ टक्क्यांनी संरक्षण हे मोठं कारण सांगितलं, ३२ टक्क्यांनी शिकार. दोन्ही वेळी प्रश्नाची रचना सारखी नव्हती, त्यामुळे आकड्यांची थेट वजाबाकी करू नये. पण पारडं कुठे झुकलं ते स्पष्ट आहे. वेक फॉरेस्ट विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ डेव्हिड यामाने यांनी याच बदलाचा अभ्यास 'गन कल्चर २.०' या नावानं केला आहे. नॅशनल रायफल असोसिएशनचा प्रवासही तसाच. १८७१ मध्ये ती स्थापन झाली नेमबाजी सुधारण्यासाठी. १९७७च्या सिनसिनाटीतल्या सभेत नेतृत्व पालटलं आणि बंदुकीच्या हक्काचं राजकारण हेच तिचं मुख्य काम झालं.

आता बाहेरून आलेल्यांकडे वळू. २०१० ते २०२० या दशकात आयडाहोची लोकसंख्या १७.३ टक्क्यांनी वाढली. त्याहून वेगानं फक्त युटा वाढलं. मोंटानातलं बोझमन ३७ हजारांवरून ५३ हजारांवर गेलं. मोंटाना राज्याला अमेरिकी प्रतिनिधिगृहातली गमावलेली दुसरी जागा परत मिळाली. मग कोविडमध्ये घरून काम सुरू झालं आणि लोंढा आणखी वाढला. स्थानिक माणूस या सगळ्यांना सरसकट 'कॅलिफोर्नियावाले' म्हणतो, मग तो सिएटलहून आलेला असो की टेक्सासहून. माझ्या मते घोटाळ्याची सुरुवात इथेच होते, कारण हे सगळे एका जातीचे नाहीत.

काही जण राजकीय विचारानं आले. २०११ मध्ये लेखक जेम्स वेस्ली रॉल्स यांनी आयडाहो, मोंटाना, वायोमिंग आणि वॉशिंग्टन-ओरेगनचा पूर्व भाग मिळून 'अमेरिकन रिडाउट', म्हणजे एक बालेकिल्ला, अशी कल्पना मांडली. संकट आलं तर समविचारी माणसांनी इथे येऊन राहावं, हा तिचा गाभा. अशा माणसांच्या घरात बंदुका भरपूर असतात, पण त्यांतले कितीतरी जण टॅग काढून कधी डोंगरात जात नाहीत. त्यांना बघून लोक म्हणतात, चला, आपली परंपरा जपणारे आले. मला हे पटत नाही. त्यांनी बंदुकीचा हक्क जपला असेल. एल्कची वाट, पाणवठा, कुणाच्या कुंपणातून जायचं आणि कुणाला आधी फोन करायचा, हे ज्ञान त्यांच्यासोबत आलेलं नाही आणि आपोआप येणारही नाही.

तरी एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगितलीच पाहिजे. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार लांब बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के आणि पिस्तुलांवर १० टक्के केंद्रीय कर बसतो, आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. स्वसंरक्षणासाठी घेतलेल्या पिस्तुलाचा पैसाही त्यातच. कधीही शिकार न करणारा माणूस अशा रीतीनं एल्कच्या कुरणाचा खर्च उचलतो. पण रायफलींवरच्या करातला हिस्सा राज्यांना वाटताना निम्मा भार राज्याच्या क्षेत्रफळाला असतो आणि निम्मा शिकारीचा परवाना काढणाऱ्यांच्या संख्येला. नुसत्या बंदुका वाढल्या आणि परवाने वाढले नाहीत, तर त्या निम्म्या भागात राज्याचं वजन वाढत नाही.

शिकारीवर खरा घाव घातला आहे तो दुसऱ्या प्रकारच्या माणसांनी, आणि त्यांच्या हातात बंदूक असलीच पाहिजे असं नाही. हे जमीन घेणारे श्रीमंत. जुनी रीत अशी होती की शिकाऱ्यानं रँचवाल्याचं दार ठोठवायचं, परवानगी मागायची, कुंपणाच्या दुरुस्तीला हात लावायचा, जाताना मांसाचं पाकीट द्यायचं. मोंटानात १९८५ पासून ब्लॉक मॅनेजमेंट नावाची योजना आहे. खाजगी मालक शिकाऱ्यांना मोफत आत येऊ देतात आणि सरकार त्यांना परवान्यांच्या पैशातून मोबदला देतं. सुमारे ७० लाख एकर जमीन अशी उघडी राहते. पण रँच विकली गेली, नवा मालक वर्षातून तीन आठवडे येणारा असला, की फाटकाला कुलूप लागतं आणि खांबांवर नारिंगी रंग चढतो. मोंटानात त्या रंगाचा अर्थ 'आत येऊ नका'. आयडाहोत टेक्सासच्या विल्क्स बंधूंनी २०१६ मध्ये सुमारे १,७२,००० एकर लाकडाचं जंगल विकत घेतलं आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक ज्या रस्त्यांनी शिकारीला जात होते त्यांवर फाटकं लागली. एल्कही शहाणे असतात. हंगामात गोळी कुठे वाजत नाही हे त्यांना कळतं आणि कळप बंद रँचमध्ये जाऊन बसतो. सरकारी डोंगरावरचा माणूस रिकाम्या हातानं परततो आणि शेजारच्या शेतकऱ्याच्या गवताच्या गंजी मात्र फस्त होतात.

शिकारीचा हक्क राज्यघटनेत लिहून घेतला की काम झालं, असं पुष्कळांना वाटत होतं. मोंटानाच्या मतदारांनी तो २००४ मध्ये लिहिला, आयडाहो आणि वायोमिंगनं २०१२ मध्ये. पण मोंटानाच्या कलमातच स्पष्ट म्हटलं आहे की या हक्कामुळे खाजगी जमिनीत घुसण्याचा अधिकार मिळत नाही. बंदुकीच्या हक्काला जमीन लागत नाही. शिकारीच्या हक्काला पाय टेकायला जागा लागते.

बाहेरून आलेल्यांतले तिसरे मात्र मला आशेचे वाटतात. शहरातून आलेले, तिशी-चाळिशीत पहिल्यांदा रायफल हातात घेणारे, कारण काय तर आपण खातो ते मांस कुठून येतं हे स्वतः बघायचं आहे. शिकारीचं शिक्षण लहान मुलांच्या बाकावर बसून घेतात. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आहे, कारण शिशाचे कण मारलेल्या जनावराच्या आतड्यांसोबत रानात राहतात आणि ते खाऊन गिधाडं आणि गरुड विषबाधेनं मरतात. तिथून आलेला शिकारी तांब्याची गोळी घेऊन येतो. जुन्यांना ते थोडं टोचतं, पण फ्रीझरमधलं मांस त्यांच्याही मुलांच्या ताटात जातं. शिकारीचा खरा वारस यांच्यात सापडेल असं मी मानतो, मग त्याच्या घरी एकच रायफल का असेना.

शिवाय मतपेटी आहे: वन्यजीवांचे आणि शिकारीचे प्रश्न तिकडे मतदानानंही ठरतात. वायोमिंगच्या शेजारच्या कोलोरॅडोत २०२० मध्ये लांडगे परत आणण्याचा प्रस्ताव निसटत्या बहुमतानं मंजूर झाला, तो मुख्यतः डेन्व्हरकडच्या शहरी मतांवर. २०२४ मध्ये डोंगरी सिंहाच्या (प्यूमाच्या) शिकारीवरच्या बंदीचा प्रस्ताव मात्र त्याच राज्यानं फेटाळला.

शिकार आणि बंदूक या दोन गोष्टींमधलं अंतर सगळ्यात स्वच्छ दिसतं ते वायोमिंगच्या एल्क माउंटनवर. रेल्वेला एकाआड एक चौकोन देण्याच्या एकोणिसाव्या शतकातल्या धोरणामुळे तिथली जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी आहे: एक घर सरकारी, एक खाजगी. सरकारी घरातून सरकारी घरात जायचं तर जिथे चार घरं एकमेकांना भिडतात त्या कोपऱ्यावरूनच जावं लागतं. मिसूरीहून आलेले चार शिकारी २०२१ मध्ये तिथे एक शिडी घेऊन आले आणि खाजगी मातीला पाय न लावता कोपरा ओलांडून पलीकडे उतरले. रँचचा मालक नॉर्थ कॅरोलिनाचा औषधउद्योजक. म्हणजे भांडणातले दोन्ही पक्ष बाहेरचे. मालकाचं म्हणणं, माझ्या जमिनीवरची हवासुद्धा माझी. २०२२ मध्ये ज्युरीनं शिकाऱ्यांना निर्दोष ठरवलं, मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या, म्हणजे वायोमिंग ज्यात येतं त्या न्यायविभागाच्या, अपील न्यायालयानं १८८५च्या कुंपणविरोधी कायद्याच्या आधारे त्यांच्या बाजूनं निकाल दिला, आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं मालकाची याचिका ऐकायला नकार दिला.

पश्चिमेतल्या शिकाऱ्यांसाठी या पिढीतला हा सगळ्यात मोठा खटला, आणि त्यात वादाचं मूळ बंदूक नव्हतीच. होती ती एक शिडी. मोंटाना आणि आयडाहो नवव्या सर्किटमध्ये येतात, त्यामुळे हा निकाल त्यांना बांधील नाही. तिथे कोपरा ओलांडण्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही.