खोक्यांची आगगाडी

गेल्या जूनमध्ये माझा भाचा पाच वर्षांचा झाला. बहिणीने महिनाभर आधीच चौकशा सुरू केल्या होत्या. सोसायटीचा हॉल, फुग्यांची कमान, जादूगार, टॅटूवाला, माइक घेऊन खेळ घेणारी ताई, निघताना प्रत्येक मुलाच्या हातात रिटर्न गिफ्ट. मग एका रात्री जेवताना तिने त्यालाच विचारलं, तुला काय हवंय? तो म्हणाला, "गाडी. मी चालवणार. बाकीचे बसणार."

त्यामुळे वाढदिवस ठाण्यात, पाचपाखाडीच्या घरीच झाला. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून साबणाचे आणि बिस्किटांचे सात मोठे खोके आणले. त्यांच्या पिना उपटून काढल्या, खरखरीत कडांवर चिकटपट्टी लावली. पोरांना आपल्याच गावची गोष्ट सांगायची होती. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी सुटली ती इथे, ठाण्याला आली. १४ डबे, ३ इंजिनं आणि ४०० च्या आसपास पाहुणे. म्हणून पहिल्या खोक्याला काळ्या घोटीव कागदाची चाकं, चिमणी, दिवा असा सगळा साज चढवला. दुसऱ्याला खिडक्या कापल्या. तेवढ्यात पाच वाजले, पोरं यायला लागली आणि उरलेले पाच खोके कोरेच राहिले.

हा लेख लिहावासा वाटला तो त्या पाच कोऱ्या खोक्यांमुळे. चाकं लावलेला खोका शेवटपर्यंत इंजिनच राहिला. खिडक्यांचा खोका डबा राहिला. कोरे खोके मात्र गाडीतून कधी सुटले ते आम्हाला कळलंही नाही. एक मासुंदा तलावातली होडी झाला. एकात दवाखाना निघाला आणि बाहेर नंबर लागले. एका मुलीने दोन खोके एकावर एक रचले आणि जाहीर केलं, "ही बावीस मजल्यांची बिल्डिंग, लिफ्ट बंद आहे." मग सगळे जण धापा टाकत, जागच्या जागी पाय आपटत, बाविसाव्या मजल्यावर चढले.

एका संध्याकाळवरून काही सिद्ध होत नाही. पण मुलं खोटं-खोटं खेळताना त्यांच्या मनात काय चालतं, यावर जवळपास शंभर वर्षं अभ्यास चालू आहे, आणि आमच्या घरात दिसलं ते त्याच्याशी चांगलंच जुळतं.

खोटं-खोटं खेळायची सुरुवात फार लवकर होते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी स्वतःच्या मुलांच्या बारीकसारीक नोंदी ठेवल्या होत्या. त्यांची मुलगी सव्वा वर्षाची असताना एक झालरीचं फडकं हातात आलं, तशी ती अंगठा चोखत त्यावर आडवी झाली आणि झोपल्याचं सोंग करून हसू लागली. फडक्याची झालर तिच्या उशीसारखी होती, एवढा धागा तिला पुरला. पुढे दीड-दोन वर्षांपासून बहुतेक मुलांत हे सर्रास दिसतं. रिकाम्या कपातून चहा प्यायला जातो, बाहुलीला भरवलं जातं.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी १९३३ मध्ये खेळावर एक व्याख्यान दिलं. त्यातला काठीचा घोडा आजही या विषयात सतत भेटतो. अगदी लहान मुलासाठी वस्तू आणि तिचा अर्थ एकमेकांना चिकटलेले असतात. दार दिसलं की उघडायचं, घंटा दिसली की वाजवायची. काठीला टांग मारून मूल "घोडा!" म्हणतं तेव्हा 'घोडा' हा अर्थ खऱ्या घोड्यापासून सुटतो आणि काठीवर जाऊन बसतो. पुढे शब्द, आकडे, नकाशे, बीजगणितातला 'क्ष' हे सगळं याच सुटण्यावर उभं राहतं. विगोत्स्की आणखी एक बारकावा सांगतात, तो मला फार आवडतो: वाटेल ती वस्तू घोडा होऊ शकत नाही. पोस्टकार्डाचा घोडा होत नाही, कारण त्यावर टांग टाकता येत नाही. म्हणजे लहान मुलाची कल्पना हवेत उडत नाही, तिला हातापायांचा आधार लागतो. खोका इतका कामाचा का, याचं उत्तर इथे आहे. त्यात बसता येतं, लपता येतं, तो ढकलता येतो, डोक्यावर घेता येतो.

आपली भातुकली आठवून पाहा. चिंचोक्यांचे लाडू, पानांच्या पोळ्या, विटेचा चुरा म्हणजे तिखट. चिंचोका लाडू का होतो? गोल आहे आणि चिमटीत येतो म्हणून.

मग मुलाचा गोंधळ का उडत नाही? खोका म्हणजे होडी, असं पक्कं मानणारं मूल तो खोका तलावात का सोडत नाही? मानसशास्त्रज्ञ ॲलन लेस्ली यांनी १९८७ मध्ये नेमका हाच प्रश्न विचारला. त्यांचं उदाहरण केळ्याच्या टेलिफोनचं. आई केळं कानाला लावून "हॅलो" म्हणते आणि दोन वर्षांचं मूल हसून आपणही बोलू लागतं. केळी वाजतात, असं काही ते त्यातून शिकत नाही. लेस्लींच्या मते मन इथे दोन वेगळ्या वह्या ठेवतं. खऱ्या वहीत केळं हे खायचं फळच राहतं आणि खोट्या-खोट्याच्या वहीत त्याच केळ्याचा फोन होतो. एका वहीची शाई दुसरीत उतरत नाही. समोरच्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, ही समजही याच क्षमतेतून येते, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर अजून वाद आहेत, पण दोन वह्यांचं चित्र मुलांशी खेळताना मला वारंवार पटतं. आमच्या दवाखान्यात इंजेक्शन घेणारा मुलगा कळवळून ओरडत होता आणि त्याच वेळी डॉक्टरीणबाईंना हळूच सांगत होता, "पेन्सिल उलटी धर, टोक लागेल."

आता चाकं लावलेला खोका इंजिनच का राहिला, याकडे येते.

जर्मन मानसशास्त्रज्ञ कार्ल डंकर यांचा मेणबत्तीचा प्रयोग प्रसिद्ध आहे. माणसाला मेणबत्ती, टाचण्या भरलेली खोकी आणि काडेपेटी द्यायची आणि मेणबत्ती भिंतीवर लावायला सांगायचं. खोकी रिकामी करून भिंतीला टाचली की मेणबत्तीसाठी फळी तयार होते. पण खोकी टाचण्यांनी भरलेली दिसली की मोठ्या माणसांना हे सुचणं अवघड जातं. 'खोकी म्हणजे टाचण्या ठेवायची वस्तू' हा अर्थ मनात घट्ट बसलेला असतो. टिम जर्मन आणि मार्गारेट डेफेटर यांनी २००० मध्ये असाच प्रयोग मुलांवर केला. एका बाहुल्याला उंच फळीपर्यंत पोहोचायला मदत करायची होती. खोका उपडा घालून त्याची पायरी करणं, हा मार्ग. खोक्याचा नेहमीचा उपयोग आधी दाखवला की सहा-सात वर्षांची मुलं अडखळली. पाच वर्षांच्या मुलांवर त्याचा परिणामच झाला नाही. खोका भरलेला दिसो वा रिकामा, त्यांना तो सारखाच मोकळा होता.

म्हणजे या एका बाबतीत पाच वर्षांचं मूल आपल्या पुढे असतं, आणि मोकळेपणाची ही खिडकी पुढच्या एक-दोन वर्षांत बरीच लोटली जाते. हे वाचल्यावर मला वाटलं, आपण चाकं चिकटवून ती थोडी आधीच लोटली.

२०११ मधला एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांचा प्रयोग तर मी प्रत्येक आई-बाबांना सांगत असते. चार-पाच वर्षांच्या मुलांना त्यांनी एक नवंच खेळणं दिलं. त्यात चार गमती दडवलेल्या होत्या: एक नळी ओढली की आवाज, एक बटण दाबलं की दिवा, कुठे सूर, कुठे आत आरसा. काही मुलांना मोठ्या माणसाने "बघ हं, हे असं चालतं" म्हणत एकच गंमत शिकवली. काहींसमोर तीच गंमत 'चुकून' झाल्यासारखी दाखवली. शिकवलेली मुलं तेवढंच करत राहिली आणि लवकर कंटाळली. बाकीच्यांनी खेळणं उलटंपालटं करून इतर गमती शोधल्या. मुलांचा तर्क यात अगदी बिनचूक आहे. जाणत्या माणसाने एकच दाखवलं, म्हणजे दाखवण्यासारखं तेवढंच असणार.

शिकवणं वाईट, असा याचा अर्थ नाही. गॅसची शेगडी, रस्ता, कात्री हे शिकवायलाच हवं. पण वाढदिवसाच्या दोन तासांत प्रत्येक मिनिट कुणीतरी माइकवरून ठरवत असेल, तर मुलांना स्वतः काही शोधायला जागा उरत नाही. त्या ताईच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. तीस पोरं सांभाळणं खायचं काम नाही. मी म्हणते एवढंच, की दोनातला एक तास माइक बंद असू द्या.

भेटवस्तूंचंही तसंच. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात २०१८ मध्ये दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा ४ खेळणी आणि एकदा १६ खेळणी देऊन पाहिलं. कमी खेळण्यांच्या वेळी मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. ही वयाने लहान मुलं होती, पण आम्ही त्यावरून एक केलं. पाहुणे गेल्यावर तीन भेटी उघडल्या, बाकीच्या माळ्यावर. दर पंधरा दिवसांनी एक खाली येते.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. खोटं-खोटं खेळल्याने मुलं हुशार होतात, मेंदू तल्लख होतो, असं जाहिरातींत छातीठोकपणे म्हणतात. अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये या विषयावरचं चाळीसेक वर्षांचं संशोधन तपासलं आणि असा ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, असं दाखवलं. खेळामुळे कल्पकता वाढते, की कल्पक मुलंच असं जास्त खेळतात, की मुलांशी खेळायला वेळ काढणाऱ्या घरांत दोन्ही एकत्र वाढतात, हे सुटं करणं कठीण आहे. मला याने निराश व्हायला होत नाही. बाविसाव्या मजल्यावर चढताना ती पोरं ज्या आनंदात होती, तो आनंद पुढच्या कुठल्या परीक्षेसाठी साठवायचा नव्हता.

खेळायला महाग साधनं लागत नाहीत, हे तर ठाणे जिल्ह्यानेच देशाला दाखवलं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचं केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत रुजलं. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघरमध्ये आहे. माँटेसरी पद्धतीची परदेशी साधनं परवडणारी नव्हती. मग खडे, शंख-शिंपले, बिया, पानं, फुलं यांतूनच मोजणं, वर्गवारी, रंग, आकार शिकवले गेले. मुलं शाळेत येत नसतील तर शाळा अंगणात नेली आणि तिथून 'अंगणवाडी' आली. पुढे १९७१ मध्ये सायमन निकोल्सन यांनी 'सुट्या वस्तूं'चा विचार मांडला: आजूबाजूला हलवता, जोडता, मोडता येण्याजोग्या गोष्टी जितक्या अधिक आणि जितक्या तऱ्हेच्या, तितकी कल्पकतेला वाट. दिवाळीत माती, दगड, पोतं आणि अळीव घेऊन किल्ला करणाऱ्या कुठल्याही मराठी मुलाला हे आधीपासून ठाऊक असतं.

घरी करायचं असेल तर खोके, जुन्या साड्या, चादरी, कपड्यांचे चिमटे आणि दोन-चार डबे एवढं पुष्कळ होतं. दोन खुर्च्यांवर साडी टाकली की घर तयार. तीन वर्षांच्या आतलं मूल येणार असेल तर बाटल्यांची झाकणं, बिया, मणी बाजूला ठेवा, आणि फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला, कारण ते घशात अडकतात. खाण्याचं सोपं ठेवा. आमच्याकडे बटाटेवडे, रव्याचा केक आणि कोकम सरबत होतं.

केकच्या आधी औक्षण झालं. आजीने पाटावर बसवून कुंकू-अक्षता लावल्या, अंगठी-सुपारी ओवाळली, निरांजन फिरवलं. भाचा अगदी गंभीर झाला होता. आजीचं ओवाळून संपायच्या आतच त्याने विचारलं, "आता झालो पाच?" आम्ही हसलो, पण त्याचा प्रश्न खरा होता. जॅकलिन वूली आणि अमांडा रोड्स यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना वाढदिवसाच्या गोष्टी सांगून प्रश्न विचारले. वाढदिवस साजरा झाला नाही तर वय वाढणार नाही, असं त्यांच्यातल्या बऱ्याच लहानग्यांना वाटत होतं. भाच्याने उठून थेट दाराची चौकट गाठली. तिथे पेन्सिलीने गेल्या वर्षीची उंची लिहिली आहे. पाठ टेकवून तो उभा राहिला, आणि बहिणीने त्याच्या डोक्यावर पट्टी आडवी धरली.

चाकांचं इंजिन आठवड्याभरात फाटलं. एक कोरा खोका अजून गॅलरीत आहे, पावसाने त्याची एक बाजू मऊ पडली आहे. परवा रद्दीवाला आला आणि त्याने खोक्याला हात घातला. भाचा धावत आला आणि म्हणाला, "काका, तो नको. आत मीटिंग चालू आहे."